वन्संची चारशे बारा पानं

मला राग आलाय हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाई एकतर्फी बोलते. एकतर्फीच बोलणार आहे. सव्वा वर्ष झालं, तरी तो काही उतरलेला नाही. ज्यांनी खरं म्हणजे रागवायचं, ते आमचे हे, सकाळी उठून दाढी करतात, कुंड्यांना पाणी घालतात आणि पेपर उघडून बसतात. त्यांच्या वाटचा रागही मग मलाच करावा लागतो.

हे एका वर्तमानपत्राच्या कचेरीत चौतीस वर्षं नोकरीला होते. वर्तमानपत्रात म्हटलं की लोक विचारतात, काय लिहितात? काही नाही लिहीत. यांनी जन्मात एक बातमी लिहिली नाही. हे कात्रण विभागात होते. रोज सकाळी आपला आणि दुसऱ्यांचे मिळून अकरा पेपर यांच्या टेबलावर पडायचे. हे लाल पेन्सिलीने खुणा करायचे, कात्रीने कापायचे, कोऱ्या कागदावर डिंकाने चिकटवायचे, वर तारीख घालायचे आणि ज्या त्या विषयाच्या लिफाफ्यात सरकवायचे. पूल पडला, तर कात्रण पुलांच्या लिफाफ्यात. पण पुलाचा कंत्राटदार एखाद्या पुढाऱ्याचा मेहुणा निघाला, तर त्या पुढाऱ्याच्या लिफाफ्यातही एक चिठ्ठी जायची. 'हेही पहा: पूल.' ही चिठ्ठी म्हणजे यांचा जीव की प्राण. कापायला काय, कुणीही कापेल, चिठ्ठी घालायला डोकं लागतं, असं मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. मी म्हटलं, बरं.

कचेरीत यांना सगळे 'कात्री' म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, हेही ओ द्यायचे. कुणी वार्ताहर धावत आला, "कात्री, बारा वर्षांपूर्वी त्या गिरणीला आग लागलेली, काही आहे का?" की हे जागेवरून उठता उठता सांगायचे, आगीत बघू नकोस, विम्यात बघ. आणि असायचं तिथेच. विसरणं हा प्रकार या माणसाला ठाऊक नव्हता. घरात दुधाची पिशवी आणायला विसरायचे, ती गोष्ट वेगळी.

मग कचेरीत सगळं कॉम्प्युटरवर गेलं आणि विभाग बंद झाला. खोलीत कॅन्टीनचा फ्रीज आला. लिफाफे टाकून देणार होते, ते यांनी एकोणीस पोत्यांत भरून घरी आणले. विचारलं नाही, सांगितलं नाही, टेम्पो दाराशी. पलंगाखाली पोती, कपाटावर पोती, गॅलरीत पोती. कपडे वाळत घालायला मला पोत्यांवर चढावं लागायचं. तीन वर्षं काढली मी तशी. मग वाळवी लागली, ती पोत्यांतून पलंगाच्या पायात गेली, आणि एका दुपारी पलंग माझ्यासकट खाली बसला. त्या दिवशी मी सांगितलं, "आता या घरात कागदाचा एक कपटा जरी आला ना, तरी मी माहेरी जाईन." माझ्या माहेरी कुणी उरलेलं नाही, घरही विकलं गेलंय, पण यांनी मनावर घेतलं. पोती गेली. कागद आणणार नाही म्हणून शब्द दिला आणि पाळला. हे इतक्या बारकाईने सांगते, कारण पुढच्या गोष्टीत माझाही हात आहे, तो लपवायचा नाही.

आता वन्सं. यांची मोठी बहीण, सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा यांची वेणीफणी सोडून बाकी सगळं वन्संनी केलं. एका मोठ्या हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीत बसायच्या. दिवसभर लोक यायचे. एक्स-रे कुठे, शवागार कुठे, बाळंतिणीला भेटायची वेळ काय. मुलगा सहा वर्षांचा असताना त्यांचा नवरा दुसऱ्या गावी बदलीवर म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. वन्संनी कुणापाशी रडगाणं गायलं नाही. पण लिहायच्या. इंटरनेटवर एक साइट होती, तिथे कुणालाही आपलं पान उघडून लिहिता यायचं. मुलगा सातवीत गेला तेव्हा सुरू केलं आणि पुढे नऊ वर्षं लिहिलं त्यांनी. खिडकीशी आलेली माणसं, घरातल्या कुरबुरी, बाजार, शेजारीण, आणि मुलगा. मुलाला त्या लेखनात 'पार्सल' म्हणायच्या, कारण तारखेच्या दोन आठवडे उशिराने आला होता. चाळीसपन्नास माणसं नेमाने वाचायची. त्यातले एक आमचे हे. बहिणीशी फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलायचे नाहीत, पण तिचं पान मात्र सकाळी चहाआधी.

वन्सं गेल्या त्या अशाच, दोन दिवसांच्या तापाने. यांनी काही आकांत केला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून वन्संचं पान पहिल्यापासून वाचायला घेतलं, रोज एक. जेवताना सांगायचे, आज ताईने असं लिहिलंय. लिहिलंय म्हणायचे, लिहिलं होतं नाही. मी दुरुस्त करायला गेले नाही.

आणि एका सकाळी पानाच्या डोक्यावर पिवळी पट्टी आली. पाच महिन्यांनी ही साइट बंद होत आहे, लेखकांनी आपापलं लेखन उतरवून घ्यावं. यांच्या तोंडचं पाणी पळालं. कॉम्प्युटरसमोर बसून बोटाने मोजत बसले. चारशे बारा तुकडे निघाले. कुठे छापलेले नाहीत, वहीत नाहीत, जे काय होतं ते तिथेच. ती साइट गेली की यांची बहीण दुसऱ्यांदा जाणार होती, आणि या खेपेला काहीच मागे उरणार नव्हतं.

भाच्याला फोन केला. वन्संचा मुलगा, म्हणजे ते पार्सल, आता बत्तीस वर्षांचं, एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करणारं. शहाणा, मितभाषी मुलगा. लहानपणी सुट्टीत आमच्याकडेच असायचा. तो म्हणाला, "मामा, आईच्या पासवर्डने आत गेलं तर सगळं एका झटक्यात उतरवता येतं. पण पासवर्ड कुठे लिहिलेला नाही. मी शोधला." हे म्हणाले, ठीक आहे, एकेक करून काढू, आपला जन्म त्यातच गेला.

छापून घ्यायचा विचार यांच्या मनात आला असणार. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा पडद्याकडे वळले. मीही कळून न कळल्यासारखं केलं.

मग सुरू झाली सॉफ्टवेअरची निवड. टिपणं ठेवायची, इंटरनेटवरची पानं कापून ठेवायची, अशी पंधरावीस सॉफ्टवेअरं असतात हे मला तेव्हा कळलं. यांनी पाच निवडली आणि पाचही वापरून बघितली, मुलीसाठी स्थळं बघावीत तशी. प्रत्येकाची परीक्षा एकच. वन्संचे तेच चाळीस तुकडे आत घालायचे, एक आठवडा तिकडे फिरकायचं नाही, मग मला म्हणायचे, विचार. मी विचारायचे, "काठी विसरून गेलेला म्हातारा कुठे आहे?" आणि हे घड्याळ लावून शोधायला बसायचे.

पहिलं उघडलं की नुसतं पांढरं पान, मध्ये एक काडी लुकलुकते. हे म्हणाले, हे मलाच विचारतंय तू काय करतोस म्हणून. दुसरं भलतंच रंगीत, प्रत्येक तुकड्याचं रंगीत कार्ड करायचं आणि भिंतीवर टिकल्या चिकटवाव्यात तसं मांडायचं. तिसऱ्यात दर दोन शब्दांनी चौकोनी कंस टाकायला लागायचे, यांच्या बोटांच्या नाकी नऊ आले. चौथं आठवड्यातून तीनदा ईमेल पाठवायचं, तुमचा मेंदू दुप्पट कसा चालेल म्हणून. "माझा एकपट चालतोय, बाबा," असं हे खरोखरीच त्याला उत्तर पाठवणार होते, मी हात धरला.

पाचवं मात्र मला आवडलं होतं. दिसायला अगदीच गबाळं, राखाडी, सरकारी कचेरीतल्या टेबलासारखं. पण बटण दाबलं की अख्खं पान, चित्रासकट, आपल्याच कॉम्प्युटरमध्ये आणून ठेवायचं, फाइल दिसायची डोळ्यांना. वेळ लावायचं. यांना दोनच गोष्टी खटकल्या. एक, तुकडा एकाच कप्प्यात राहायचा. आणि दुसरी त्याच्यामुळेच, चिठ्ठी घालायची सोय नव्हती. "अगं, काठीवाला म्हातारा हा म्हातारपणातही हवा आणि विसरभोळेपणातही हवा. एकाच कप्प्यात कोंडलं तर सापडायचा कसा?" मी म्हटलं, "अहो, चारशे तर तुकडे. नजर फिरवली तरी सापडेल." यावर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवाला शिवी दिली.

रविवारी भाचा आला. पाचवं बघून म्हणाला, "मामा, हे फार जुनं झालंय. कुणी बघत नाही त्याच्याकडे, उद्या बंद पडलं तर?" आणि स्वतः सहावं दाखवलं. काय सुरेख होतं म्हणून सांगू. एका तुकड्याला हव्या तितक्या विषयांची नावं लावा. एका तुकड्यातून दुसऱ्याकडे जायची वाट करा, 'हेही पहा', आणि नुसती इकडून तिकडे नाही, तिकडून इकडेही आपोआप. यांचे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. चौतीस वर्षं हाताने चिठ्ठ्या लिहिणारा माणूस. म्हणाले, "हे कुणीतरी कात्रण विभागातल्याने बनवलंय." भाचा हसला. खुर्ची ओढून बसला, सगळं बसवून दिलं, सुरुवातीला पाचसहा प्रश्न येतात त्यांची उत्तरं त्यानेच दिली. मी चहा घेऊन मागे उभी होते. एका प्रश्नापाशी तो थांबला होता. मला वाटलं, वाचतोय. मग टिचकी मारली आणि पुढे गेला. उठताना म्हणाला, "झालं मामा. आता बिनधास्त कापा."

बिनधास्त कापलं. जवळजवळ चार महिने. सकाळी साडेनऊला कचेरीत जावं तसं टेबलाशी बसायचे, दिवसाला चार तुकडे. आधी पूर्ण वाचायचा, मग कापायचा, मग विषय लावायचे, मग चिठ्ठ्या. वन्संनी दिलेली शीर्षकं कधी कधी नुसती 'आज' किंवा 'परत तेच' अशी असायची. हे आपलं नेमकं शीर्षक द्यायचे. 'शवागाराची वाट विचारायला लाजणारा मुलगा.' 'शेजारणीशी अबोला, दिवस चौथा.' मी भाजी निवडत बाजूला बसायचे आणि आवडलेलं मला वाचून दाखवायचे. खरं सांगायचं तर आमच्या लग्नात इतकं बोलणं आधी कधी झालं नव्हतं. वन्संशी माझं हयातीत फारसं जमलं नाही. त्या चार महिन्यांत जमलं.

दर शनिवारी तपासणी. मी डोळे मिटून दहा आकडे सांगायचे, हे ते दहा तुकडे उघडायचे. दहाच्या दहा उघडायचे, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. आणि उघडणारच ना. साइट जिवंत होती.

भाचा अधूनमधून फोन करायचा. कुठवर आलं, मामा? तीनशे झाले रे. वा. एवढंच.

साइट बंद झाली तो मंगळवार. यांना काळजी नव्हतीच, चारशे बारा झाले होते, वर अकराशे चिठ्ठ्या. बुधवारी सकाळी चहाआधी सवयीने उघडायला बसले. मला आतून हाक नाही, काही नाही. मी चहा नेऊन ठेवला. तो निवला, तरी हात लावलेला नाही. म्हणून पडद्याकडे बघितलं. डावीकडे यांनी दिलेली शीर्षकं ओळीने, विषय, चिठ्ठ्या, सगळं जिथल्या तिथे. उजवीकडे एक ओळ: हे पान सापडलं नाही. हे पुढच्यावर टिचकी मारत होते. हे पान सापडलं नाही. पुढचं. सापडलं नाही. एक ते चारशे बारा, या माणसाने प्रत्येक उघडून बघितलं. दुपारचे दोन वाजले. मी जेवायला बोलावलं नाही, बोलवायची हिंमत झाली नाही.

खालच्या मजल्यावरची मुलगी कॉलेजात हेच शिकवते, तिला बोलावून आणली. तिने पाच मिनिटांत सांगितलं. यांनी कापलेलं काहीच आत आलेलं नव्हतं. नुसते पत्ते आले होते. बटण दाबलं की सॉफ्टवेअर त्या पत्त्यावर जायचं आणि तिथलं पान आणून दाखवायचं, आणि यांना वाटायचं आपल्या लिफाफ्यातलं दिसतंय. कात्रण एकदा लिफाफ्यात गेलं की ते आपलं, मग तिकडे पेपर बंद पडो की छापखाना जळो, हे यांच्या हाडात मुरलेलं. छापलेला पेपर कधी लिफाफ्यात हात घालून आपलं कात्रण परत नेत नाही. त्यामुळे एकदा इंटरनेट बंद करून बघावं, हे यांना सुचलंच नाही. मला तरी कुठे सुचलं? ती मुलगी बिचारी इतर ठिकाणीही शोधून आली. तीन पानं मिळाली, तीही अर्धी.

मग तिने जाता जाता म्हटलं, "काका, सुरुवातीला विचारतं हे. अख्खं पान साठवायचं की फक्त पत्ता. कुणीतरी 'फक्त पत्ता' निवडलंय." मी मागे चहा घेऊन उभी होते, मी त्याला थांबलेला बघितलं होतं.

मीच फोन केला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता ये. तो आला संध्याकाळी, कचेरीतून सरळ, खांद्याला बॅग. मी दारातच विचारणार होते, पण यांनी हाताने थांबवलं. त्याला खुर्ची दिली. पडदा त्याच्याकडे वळवला आणि म्हणाले, "चुकून झालं ना रे?"

यांनी त्याला पळवाट करून दिली होती. हो म्हणाला असता, तर मीसुद्धा आज ना उद्या हो म्हटलं असतं. पण तो नाही म्हणाला. "चुकून नाही, मामा. आणि पासवर्डही माझ्याकडे होता. आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. केसाने गळा कापलास म्हणाले, मामाच्या मांडीवर वाढलास आणि त्यालाच चार महिने वेड्यासारखं राबवलंस म्हणाले, आईला दोनदा मारलंस असंही म्हणाले. ते शेवटचं म्हणायला नको होतं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मामी, आठवीत होतो मी. वर्गातल्या एकाच्या आईने ते पान वाचलं. नऊ वर्षांचा होईपर्यंत मी अंथरूण ओलं करायचो, ते आईने लिहिलं होतं. बाबा येतील म्हणून मी दर शनिवारी बॅग भरून खिडकीत बसायचो, तेही लिहिलं होतं. सगळ्या वर्गाने वाचलं. दहावीपर्यंत मला कुणी नावाने हाक मारली नाही. पार्सल, पार्सल. मी आईला म्हटलं, काढून टाक. ती म्हणाली, अरे, त्यात वाईट काय आहे, लोकांना किती आवडलंय. नाही काढलं. त्यानंतर मी ते पान कधी उघडलं नाही. ते बंद होणार हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं."

हे आम्हाला ठाऊक नव्हतं. सुट्टीत आमच्याकडे येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा, तेव्हा आम्ही म्हणायचो, वयात येतोय. त्याचं दुःख खरं होतं, ते मला तेव्हाच कळलं. पण म्हणून माझा राग गेला असं नाही. दोन्ही आपापल्या जागी राहिले.

हे म्हणाले, "मला सांगायचंस. तुझे तुकडे मी बाजूला काढले असते. बाकीची माझी बहीण होती."

"नसते काढले, मामा," तो म्हणाला. "तुम्ही कधी काही बाजूला काढलंय?"

मला पलंगाखालची पोती आठवली.

तो उठायला म्हणून पुढे झुकला आणि त्याची नजर पडद्यावर गेली. डावीकडे विषयांची यादी होती, त्यात 'पार्सल' हाही विषय होता. समोर आकडा, त्रेसष्ट. त्याने टिचकी मारली. त्याला ठाऊक होते ते सातआठ तुकडे, वर्गाने वाचलेले. इथे त्रेसष्ट शीर्षकं, आमच्या यांच्या नेमक्या भाषेत. 'पार्सलने पहिल्यांदा केलेला चहा.' 'पार्सल खिडकीपाशी आलेल्या आजोबांना वॉर्डापर्यंत नेऊन सोडतो.' 'पार्सलशी चुकीचं वागले, माझंच चुकलं.' त्यावर त्याने टिचकी मारली. हे पान सापडलं नाही. तो वाचत खाली खाली गेला. खांद्यावरची बॅग कधी खाली ठेवली, त्यालाही कळलं नसावं.

एका ओळीपाशी थांबला. 'पार्सल आणि बाथरूमची कडी.'

"मामा, यात काय होतं?" आवाज अगदी लहान झाला होता. "ती कडी मी काढली होती. सात वर्षांचा होतो. आईला कळलं होतं का?"

हा तुकडा मला यांनी वाचून दाखवला होता. मी शेंगा सोलत होते, सोलायच्या थांबले होते. नवरा गेल्यावर वन्सं रोज दुपारी बाथरूमची कडी लावून, नळ सोडून, आत रडत बसायच्या. एक दिवस गेल्या तर दाराला कडीच नाही, स्क्रूची चार भोकं फक्त. आठवड्याने मुलाच्या कंपासपेटीत चार स्क्रू सापडले, रुमालात गुंडाळलेले. त्यांनी ते पुन्हा रुमालात गुंडाळून होते तसे ठेवून दिले, त्याला कधी विचारलं नाही, आणि कडी पुढे सहा वर्षं लावली नाही. पाहुणे आले की सांगायच्या, आत असलात की गाणं म्हणत राहा. शेवटची ओळ होती, त्या दिवसापासून मी रडायची बंद झाले, कारण आता तो केव्हाही आत येऊ शकत होता.

यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. गिरणीची आग विम्यात सापडेल हे उठता उठता सांगणारा माणूस. त्याच्याकडे बघून म्हणाले, "आठवत नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी चहाचे कप उचलले आणि आत गेले.

अजून दर रविवारी त्याचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलतो आणि ठेवायच्या आधी विचारतो, मामांना काही आठवलं का? हे समोरच बसलेले असतात, पेपरची घडी घालत. मी सांगते, नाही रे बाबा, वय झालं आता त्यांचं.